पोचा आलेला तांब्या

इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राचा सराव म्हटलं की आम्हा नांदेड-लातूरकडच्या ड्रॉइंग मास्तरांचा वस्तुसमूह ठरलेला: तांब्या, दोन कांदे, एक वांगं, जमलं तर कंदील, मागं चुण्या पाडलेलं जुनं लुगडं. परीक्षा कला संचालनालयाची, मुंबईची. भांडी मात्र गावची. शाळेच्या कपाटात तीही धड नसत, म्हणून लेकरांच्या घरून मागवायचो.

त्यातून भांडी वाचायला शिकलो. आमच्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. माझ्या आईच्या चरवीवर तिच्या मामाचं नाव होतं, आणि किंमत ती हाली रुपयांत सांगायची. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, तरी त्याचं हे हाली नाणं पुढं काही वर्षं चाललं. पण वर्गात मी सांगायचो, लंबवर्तुळ सांभाळा, चकाकी कोरी सोडा, नाव काढू नका, चित्र घाण दिसतं. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांडी जन्मभर त्याच त्या बाटल्या रंगवत बसला, त्यांच्यावरच्या धुळीसकट, हे मला फार उशिरा कळलं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून लातूर जिल्ह्यातलं किल्लारी गाव झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. भूकंपात सगळं अंगावर आलं. त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. आम्ही मदतीला गेलो तेव्हा गल्लीच उरली नव्हती. कुठलं घर कुणाचं, ते चेपलेल्या हंड्यावरचं नाव वाचून कळायचं.

दोन वर्षांनी तिकडची एक मुलगी सरावाला तांब्या घेऊन आली. मोठा पोचा होता. मी सवयीनं तो पडद्याकडं फिरवून ठेवला. ती उठली, काही न बोलता पोचा स्वतःकडं केला आणि बसली. तिचं लंबवर्तुळ वाकडं आलं, आणि ते बरोबर होतं. शेवटी ब्रशच्या टोकानं तिनं नावाचे ठिपकेही दिले. मी गप्प राहिलो.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यात घरच्या शिकवणीला पोरांनी निळी प्लास्टिकची घागर आणली. पितळेची आणा म्हणणार होतो. तिच्यावर मार्करनं आडनाव होतं, रांगेत अदलाबदल होऊ नये म्हणून. ती मधोमध मांडली. चारला टँकर यायचा होता, त्यामुळं चित्र साडेतीनलाच आवरावं लागलं.