नांगराने लिहिलेला इतिहास

इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली आणि इ. स. ४१० च्या सुमारास तेथील रोमन सत्ता मावळली. या साडेतीन शतकांतील सम्राटांची व सेनापतींची नावे ग्रंथांतून आढळतात. पण त्यांना अन्न पुरविणाऱ्या शेतकऱ्यांविषयी ग्रंथकार बहुधा मौन पाळतात. पुढे सम्राट झालेल्या ज्युलियनने इ. स. ३५९ मध्ये ऱ्हाईन नदीकाठी ब्रिटनहून धान्य आणविले, हे आपणांस वाचावयास मिळते. ते पिकविणारा कोण होता, हे मात्र जमिनीलाच विचारले पाहिजे.

उतारावरचे शेत पिढ्यान्‌पिढ्या नांगरले की सुटी माती खाली सरकते, शेताच्या खालच्या कडेला साठते आणि तेथे आपोआप बांध तयार होतो. दक्षिण इंग्लंडातील विल्टशर परगण्यात खडूच्या टेकड्यांवर अशा बांधांनी वेढलेली लहान चौकोनी शेते दूरवर पसरलेली आहेत. त्यांतील पुष्कळांची आखणी रोमनांपूर्वीची, कित्येकांची तर कांस्ययुगातील आहे. मग रोमन काळात ती कसली जात होती, हे कशावरून म्हणावयाचे? त्या मातीत विखुरलेल्या खापरांवरून. घरचा केरकचरा शेणखताबरोबर शेतात पडे आणि त्यातून फुटकी भांडीही जात.

१८८० नंतरच्या दशकात जनरल पिट-रिव्हर्स यांनी क्रॅनबोर्न चेस भागात वुडकट्स व रॉदर्ली ही त्या काळची खेडी खणून काढली. तेथे धान्य साठविण्याची पेवे मिळाली. त्या काळच्या अनेक वस्त्यांत दमट हवेत धान्य सुकविण्याच्या भट्ट्याही सापडतात. पुढे १९२४ मध्ये क्रॉफर्ड आणि केलर यांनी विमानातून छायाचित्रे घेतली. जमिनीवरून नजरेत न भरणारे बांध तिरप्या उन्हात सावल्यांनी उठून दिसले. जेथे जुने चर बुजले होते तेथे ओल अधिक, म्हणून पीक उंच व हिरवेगार. हाही एक पुरावाच ठरला.

परंतु श्रोतेहो, नांगराने लिहिलेले हे पान नांगरच पुसतो आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने असे अनेक बांध सपाट झाले. सॉल्सबरीच्या माळावर ते मोठ्या प्रमाणावर टिकले, कारण १८९७ पासून लष्कराने सरावासाठी तेथील जमिनी विकत घेतल्या आणि बराचसा भाग नांगरापासून दूर राहिला. ज्या शेतकऱ्याचे धान्य एकेकाळी सैन्यासाठी गेले, त्याची शेते अखेर सैन्यामुळेच वाचली!