दिघा : आराखडा आणि वस्ती

ठाण्याच्या खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं दिघा हें जुनें गांव वसलें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास पोंचली. खाडीच्या या तीरावर मात्र पुढें शतकभर शेती व मासेमारीच चालू राहिली.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखान्यांची रांग वाढत गेली. मुंबईचा भार हलका करण्याकरितां चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं खाडीपार नव्या शहराची कल्पना मांडली. तिच्या सिद्धीसाठीं १९७० सालीं सिडकोचा जन्म झाला.

आराखड्यानें उद्योग व निवास यांच्या जागा निरनिराळ्या आंखल्या. कारखान्यांत राबणाऱ्यांच्या निवाऱ्याची सोय मात्र अपुरी राहिली. दिघ्यांत मग खालीं दुकान, वर बिऱ्हाड, शेजारीं कारखाना अशी संमिश्र वस्ती, पुष्कळदां परवान्यावांचूनच, दाटत गेली. २०१५ सालीं येथील ९९ अनधिकृत इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयांत गाजला, कांहींवर हातोडा पडला, आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेलीं कुटुंबें उघड्यावर आलीं.

२००४ सालापासून ठाणें-वाशी लोकलगाड्या दिघ्यावरून धांवूं लागल्या. दिघा गांव स्थानक उघडलें तें १२ जानेवारी २०२४ रोजीं. माणसें आधीं आलीं, सोयी मागाहून आल्या. नव्या उपनगरांच्या आंखणीकारांनीं हा क्रम उलटा करणें अगत्याचें आहे.