गुपित, गवाक्ष आणि गोठा

२०२५ च्या दिवाळीत मी जळगावहून धुळ्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने आपल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून ठेवलं होतं. एका हातात रंगाचा जुना ब्रश, पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली होती आणि याच्या मशीनला विंडोज ११ चालत नव्हतं. "मग आता भंगारात?" मी विचारलं. "छे मामा, लिनक्स टाकतोय."

संध्याकाळी त्याच मशीनवर मोटारी धावत होत्या. खेळ विंडोजसाठी लिहिलेला, खाली मात्र लिनक्स. मधे 'प्रोटॉन' नावाचा दुभाष्या. खेळ विंडोजच्या बोलीत काही मागतो, प्रोटॉन ते लिनक्सला समजेल असं सांगतो आणि काम होतं. १९९३ पासून चालत आलेल्या 'वाईन' या प्रकल्पावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये हा प्रोटॉन उभारला. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बँकेत हिंदी बोलणाऱ्या धुळ्याच्या पोराला यात नवल वाटलं नाही.

त्याची तक्रार वेगळीच होती. ब्राउझर मराठीत लावला, तर 'प्रायव्हसी'च्या जागी 'गोपनीयता' आलं. "मामा, हा शब्द असा कसा? मी काही तरी लपाडतोय असं वाटतं. मी काय चोर शे का?"

प्रश्न बिनतोड होता. आज 'गोपनीय' म्हटलं की लाखबंद पाकीट, पोलिसांचा अहवाल नाहीतर परीक्षेची प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर येते. पण या शब्दाचं जुनं घर गोठ्यात आहे. गो म्हणजे गाय आणि पा म्हणजे राखणे. गोपा म्हणजे गाई राखणारा. ऋग्वेदात देवांनाही गोपा म्हटलंय, ते राखणदार या अर्थाने. त्या गोपावरून 'गोपायति', म्हणजे राखतो, असं क्रियापद झालं आणि पुढे कोणाच्या लक्षातही न येता त्यातून 'गुप्' हा धातू सुटा निघाला. गाय विसरली गेली, राखणं तेवढं उरलं. धातुपाठात गुप् या धातूला 'रक्षणे' असाच अर्थ दिलाय. राखायची वस्तू चारचौघांत ठेवत नाहीत, म्हणून राखण्यातून झाकणं आलं. मग गुप्त, गुपित, गोपन. जुगुप्सासुद्धा याच गोतातली: आधी स्वतःला जपणं, मग दूर राहणं, मग किळस. गोपनीयता मुळात राखणदाराची आहे, चोराचा संबंध नंतर जोडला गेला. 'माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' असं म्हणून मोबाइलवरच्या प्रत्येक परवानगीला 'हो' म्हणणाऱ्यांना मी हल्ली एवढंच विचारतो: राखण्यासारखंही काही नाही का?

धुळ्यात शब्दांची मुळं उकरायची म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या अंगणात कुदळ मारण्यासारखं आहे. ते ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं आणि त्यांचा धातुकोश त्याच मंडळाने काढला. त्यांच्या काही व्युत्पत्ती वाचताना हसू येतं, पण शब्द पकडून माणसापर्यंत जायची खोड त्यांनीच लावली. आणि इथली बोली कोणत्या माणसाची, तर अहिराची. आभीर, अहीर, अहिराणी अशी ती वाट. गुरं राखणाऱ्यांच्या नावाची बोली बोलणाऱ्या पोराने गोपनीयतेला चोर म्हणावं, हे मला फार लागलं.

एकदा गोठ्यात शिरलो की बाहेर निघणं अवघड. गोठा हा शब्दच 'गोष्ठ'वरून आला. गाई जिथे उभ्या राहतात तिथे माणसंही जमली, बोलली, म्हणून गोष्ठी आणि मग गोष्ट. इंटरनेटवर आपण दिवसभर जो शोध घेतो, ती 'गवेषणा' मुळात हरवलेली गाय शोधणं. गाय चरते तो टापू 'गोचर'. पुढे नजरेच्या टप्प्यात येईल ते सगळं गोचर झालं, आणि टप्प्यात न येणारं अगोचर. मराठीने मात्र 'अगोचर' हे विशेषण व्रात्य कार्ट्याला चिकटवलं. ॲपला आपला ठावठिकाणा न देणारा माणूस दोन्ही अर्थांनी अगोचरच म्हणायचा.

आता विंडो. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'विंडाउगा'वरून आला, म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपलं गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. तिकडे वारा शिरला, इकडे गाय. तो डोळा कोणत्या बाजूने बघतो, हे मात्र दोन्ही शब्दांनी सांगितलेलं नाही. तेवढ्यात भाच्याने ग्नूची आठवण करून दिली. लिनक्सच्या जोडीने हे नाव घेतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या प्रकल्पाचं ते नाव, आणि त्याच्या चिन्हावर आफ्रिकेतल्या ग्नू नावाच्या जनावराचं तोंड आहे. प्राणिशास्त्रात ग्नूही गाय-बैलांच्याच कुळात बसतो. पोळ्याला एक माळ जास्त लागणार.

प्रायव्हसीला दुसरा शब्द 'खासगी', तो मात्र दरबारातून आला. अरबी 'खास', फारसी वाटेने. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना जहागीर दिली, ती 'खासगी'. दौलतीच्या हिशेबापासून वेगळी. त्याच खासगीतून पुढे अहिल्याबाईंनी घाट आणि देवळं बांधली. अर्थाने हा शब्द प्रायव्हसीला जवळचा, पण त्याला जहागिरीचा वास आहे. ज्याच्याकडे वेगळं काढण्याइतकं आहे त्याचीच खासगी.

शब्द शोधताना अडलं ते कर्नलपाशी, म्हणजे विंडोज-लिनक्सच्या सगळ्यात आतल्या भागापाशी. मराठीत त्याला 'गाभा' म्हणता येईल. मी जळगावचा, मला गाभा म्हटलं की केळीचं खोड दिसतं. इंग्रजी कर्नल म्हणजे मुळात धान्याचा छोटा दाणा, 'कॉर्न'चं लाडकं रूप. त्याच्याभोवतीच्या आवरणाला शेल म्हणतात, म्हणजे टरफल. आपल्याकडे भुईमूग असताना केळीकडे जायचं कशाला? टरफल आणि दाणा म्हणावं, कोणालाही कळेल.

आणि दाणा म्हटलं की भांडण पटकन समजतं. ऑनलाइन खेळात कोणी लबाडी करू नये म्हणून काही कंपन्या एक राखणदार प्रोग्रॅम बसवतात. तो टरफलापाशी थांबत नाही, थेट विंडोजच्या दाण्यात जाऊन बसतो. तिथून त्याला मशीनमधलं जवळजवळ सगळंच गोचर. असे खेळ बहुतेक लिनक्सवर चालतच नाहीत. भाच्याच्या टोळीचा रोजचा खेळ नेमका त्यातला निघाला. दोन दिवस तो घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सोडला मामा. माझ्या घरात बसून राखण कोणाची करतो तो?"

"वाईट वाटलं?"

"वाटनं थोडं."

'गोपनीयता' त्याला अजून रुचत नाही. राखण म्हण, मी म्हटलं. शेताची राखण, पिकाची राखण, तशीच ही. रक्षणातूनच आलेला, पण खळ्यात वापरलेला शब्द. त्याने काही उत्तर दिलं नाही. निघताना पाहिलं, तर पासवर्ड ठेवलेल्या कुलूपबंद फोल्डरचं नाव त्याने बदललं होतं: राखण.