न भिणारा घोडा

बुद्धिबळातलं प्यादं कधी पळून जात नाही. समोरून हत्ती येवो की वजीर, ते आपल्या घरात उभं राहतं आणि मारलं जातं. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चतुरंग सेनेची चारही अंगं त्या पटावर आली, भीती मात्र आली नाही. आजच्या विषयाची गाठ मला इथेच दिसते.

विषय काहींना अनोळखी असेल. शिशाच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या बाहुल्यांची सैन्यं टेबलावर मांडायची, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची, असा हा छंद आहे. त्याची एक वाट प्रशियाच्या लष्करातून येते. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच घेऊन युद्ध शिकवणारा खेळ सिद्ध केला. १९७१ साली अमेरिकेत ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक आलं. त्याच्या पुरवणीत ड्रॅगन आणि जादूगार शिरले. १९८३ साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ आला. तेव्हापासून खेळणारे विचारत आले आहेत की, ज्या सैन्यात हाडांचे सांगाडे लढतात त्याला इतिहासातले डावपेच कसे लावायचे?

बहुतेक जण आकार उचलतात. पायदळाचा चौकोन केला, घोडदळ थांबलं, संपलं. पण चौकोन घोडदळाला थांबवतो तो कशाच्या बळावर?

१८ जून १८१५, वॉटर्लू. दुपारी मार्शल ने याने फ्रेंच घोडदळाच्या लाटांमागून लाटा वेलिंग्टनच्या पायदळावर सोडल्या. पायदळाने चौकोन केले होते. चारही बाजूंना तोंड करून शिपाई उभे, पुढची रांग गुडघा टेकून, संगिनी तिरप्या वर रोखलेल्या. घोडेस्वार चौकोनांभोवती फिरत राहिले आणि त्या हल्ल्यांत एकही चौकोन फुटला नाही. गणित केलं तर हे विचित्र आहे. पाचशे किलोचं जनावर वेगात येऊन आदळलं, तर दोन-चार माणसांची रांग त्याला काय अडवणार? खरी गोष्ट अशी की घोडा आदळतच नाही. संगिनींची सलग भिंत दिसली की तो बिचकतो, वळतो किंवा थांबतो. स्वार कितीही शूर असो, घोड्याला त्याचं स्वतःचं मत असतं! म्हणजे हल्ला हा दोन भीतींचा सामना आहे. आधी माणूस डगमगला तर रांग फुटते. आधी घोडा डगमगला तर चौकोन टिकतो.

याला एक अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. २३ जुलै १८१२, स्पेनमधलं गार्सिया एर्नांदेस. आदल्या दिवशी सालामांकाला हरलेले फ्रेंच मागे हटत होते. किंग्ज जर्मन लिजनच्या जड घोडदळाने त्यांचा चौकोन गाठला. अगदी जवळून झाडलेल्या फैरीत एक घोडा आणि त्याचा स्वार मेले. आता त्या घोड्याला थांबवणारं कुणी उरलं नाही, त्याचं मनही नाही. ते धूड वेगाच्या भरात संगिनींवर कोसळलं, रांगेत खिंडार पडलं आणि मागचे स्वार आत घुसले. दुसऱ्या चौकोनाने पहिल्याची गत पाहिली होती. तोही फुटला, पण त्याला फोडायला मेलेला घोडा लागला नाही, धास्ती पुरली.

जिवंत घोडा जे करत नाही ते मेलेल्या घोड्याने केलं. आणि फँटसी सैन्यात सांगाड्यांचं घोडदळ असतं, म्हणजे सगळेच घोडे मेलेले! त्यांच्यापुढे चौकोन मांडणारा खेळाडू वॉटर्लूची नक्कल करतो, पण वॉटर्लू ज्यामुळे घडलं ते कारणच तिथे हजर नाही.

मग कोणी म्हणेल, वाट करून द्या. इसवी सनपूर्व २०२ मध्ये झामा इथे स्किपिओने आपल्या तुकड्यांमध्ये गल्ल्या ठेवल्या आणि हॅनिबलचे बरेच हत्ती त्यांतून निघून गेले. काही तर शिंगांच्या आवाजाने बिथरून स्वतःच्याच घोडदळावर उलटले. पण हत्ती गल्लीत शिरला तो मोकळी जागा बरी वाटली म्हणून. इथेही जनावराचं मन आहेच. सांगाड्याला गल्ली काय आणि भिंत काय, सारखंच.

टॉल्किनला ही मेख कळली होती. त्याच्या कादंबरीत रोहानचे स्वार शत्रूची फळी फोडतात, पण हत्तीसारख्या अजस्र मूमाकांजवळ त्यांचे घोडे जात नाहीत. याला इतिहासाचा आधार आहे. इसवी सनपूर्व ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत सेल्यूकसच्या हत्तींनी दिमित्रियसच्या विजयी घोडदळाची परतीची वाट अडवली. ते हत्ती सेल्यूकसला आपल्या चंद्रगुप्त मौर्याकडून मिळालेले होते, हे जाता जाता. टॉल्किनने प्राणी कल्पनेतला घेतला आणि घोड्याची भीती खरी ठेवली.

म्हणून तरुण खेळाडूंना मी सांगतो, डावपेच निवडताना तो मनावर चालतो की मातीवर, एवढं पाहा. खोटी माघार, बगलेवरून अचानक चाल, रणशिंगं, चौकोन हे सगळं मनावर चालतं. हेस्टिंग्जला १०६६ साली नॉर्मन स्वार पळाल्याचं सोंग करत वळले आणि इंग्रज ढालींची भिंत सोडून त्यांच्या मागे धावले. सांगाडे कशाला धावतील? उलट १३१४ साली बॅनकबर्नला रॉबर्ट ब्रूसने इंग्रज घोडदळाच्या वाटेवर खड्डे खणून ते झाकून ठेवले होते. खड्ड्याला समोरच्याचं धैर्य विचारावं लागत नाही. पाय आत गेला की हाड मोडतं, घोडा जिवंत असो वा मेलेला.

वॉरहॅमरच्या नियमांत मेलेल्यांचं सैन्य मनोधैर्याच्या फाशातून सुटतं. ते पळत नाही. पण चकमक हरलं की जागच्या जागी ढासळत जातं. हा नियम मला आवडतो. जिवंत पलटण पळते, टेकडीमागे गोळा होते, अर्ध्या तासाने पुन्हा उभी राहते. सांगाड्यांच्या सेनापतीला ती सोय नाही. त्याच्याशी खेळताना मी खड्ड्यांमागे भालाईत ठेवीन आणि माझ्या शिपायांना वेळेवर पळायची मुभा देईन.