चेहरा ओळखणं वेगळं, मन ओळखणं वेगळं

घाटातल्या पॉइंटवर माकडाबरोबर सेल्फी काढणारी मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. माकड दात दाखवतं, कुणीतरी ओरडतं, "अरे बघ, हसतंय!" आणि आणखी जवळ जातं. मग चावा, मग ग्रामीण रुग्णालय, मग रेबीजची इंजेक्शनं.

ते माकड हसत नसतं. ओठ मागे ओढून दात दाखवणं हा आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत बहुतेक वेळा भीतीचा चेहरा असतो. 'मी तुझ्यापेक्षा खालचा आहे, मला त्रास देऊ नकोस' असं ते सांगत असतं. आपण नेमकं उलटं वाचतो आणि त्याला आणखी कोपऱ्यात रेटतो.

चेहरा वाचण्यातल्या या गडबडीला मोठा इतिहास आहे आणि तो आज थेट चौकातल्या कॅमेऱ्यापर्यंत आलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात डार्विनपासून करू. १८३८ साली तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाची ओरांगउटान बघायला गेला. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवलं, पण दिलं नाही. जेनी हट्टी पोरासारखी पाठीवर पडून हातपाय आपटत रडायला लागली. शांत झालीस तर देतो म्हटल्यावर गप्प झाली आणि सफरचंद मिळाल्यावर खुशीत खात बसली. डार्विनने हे सगळं बहिणीला पत्रात कळवलं. पुढे १८७२ साली त्याने माणसाच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यावरच्या भावांवर अख्खं पुस्तक काढलं.

त्या पुस्तकासाठी त्याने १८६७ मध्ये जगभर सोळा प्रश्नांचा कागद पाठवला होता. आश्चर्य वाटल्यावर डोळे विस्फारतात का, लाजल्यावर चेहरा लाल होतो का, असे साधे प्रश्न. छत्तीस जणांची उत्तरं आली. त्यात एक उत्तर हिंदुस्थानातून होतं, अर्स्किन नावाच्या साहेबाचं. त्याने कॅनराच्या, म्हणजे कारवारकडच्या, न्यायाधीशालाही विचारून माहिती मिळवली. पण ठाम निष्कर्ष काढणं अवघड आहे, असं त्याने कळवलं. कारण काय? इथले लोक गोऱ्या माणसासमोर आपल्या भावना लपवतात, तशी त्यांना सवयच झाली आहे. डार्विनने ही नोंद प्रस्तावनेत प्रामाणिकपणे छापली.

बघा, १८५७ ला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. समोर उभा असलेला माणूस आपला जमीनमहसूल ठरवणारा, आपल्याला तुरुंगात टाकू शकणारा. त्याच्यासमोर कोण मोकळा चेहरा ठेवणार? तहसील कचेरीत आजही हे दिसतं. साहेबांच्या टेबलासमोर शेतकऱ्याचा चेहरा कोरा असतो आणि बाहेर चहाच्या टपरीवर तोच माणूस पोटतिडकीने बोलतो. सत्तेसमोर चेहरा वेगळा असतो, ही गोष्ट डार्विनच्या पुस्तकात १८७२ पासून नोंदलेली आहे. पण पुढच्या कित्येकांनी ती ओळ वाचून सोडून दिली.

आता माकडांकडे येऊ. विसाव्या शतकात बराच काळ शास्त्रज्ञांना माकडं म्हणजे एक कळप वाटायचा. जपानमधल्या इमानिशी यांच्या चमूने १९५० च्या सुमारास कोशिमा बेटावरच्या एकेका माकडाला चेहऱ्याने ओळखून नावं दिली. १९६० साली जेन गुडाल टांझानियात गोम्बेला गेल्या. त्यांनीही चिंपांझींना डेव्हिड ग्रेबिअर्ड, फ्लो, फिफी अशी नावं दिली. केंब्रिजच्या विद्वानांनी त्यांना ऐकवलं, नावं काय देता, नंबर द्यायला हवे होते. पण नावं दिली म्हणूनच आई कोण, पोर कोण, कोण कुणाला घाबरतं, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवता आलं.

त्याच सुमारास यान व्हॅन हूफ या डच शास्त्रज्ञाने माकडांचे चेहरे नीट वर्गवारी करून मांडले. तोंड सैल सोडून उघडणं हा खेळाचा चेहरा, माणसाच्या खळखळून हसण्याचा नातेवाईक. आवाज न करता दात दाखवणं हा वेगळा चेहरा, तो आपल्या स्मितहास्याच्या जवळचा. मात्र ऱ्हीसस माकडात तो भीतीचा आणि काही दुसऱ्या जातींत तो मैत्रीचाही असतो. म्हणजे एकच हालचाल, पण अर्थ जातीप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे बदलतो.

मेंदूच्या बाजूनेही शोध चालू होता. अमेरिकेत चार्ल्स ग्रॉस यांच्या चमूला माकडाच्या मेंदूत फक्त चेहरा दिसल्यावर जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. १९८१ मध्ये त्यांनी त्या सविस्तर मांडल्या. २००६ साली डोरिस त्साओ आणि विनरिख फ्रायवाल्ड यांनी दाखवलं की मेंदूतल्या एका लहानशा ठिकाणी, चित्रांना प्रतिसाद देणाऱ्या जवळपास सगळ्याच पेशी चेहऱ्यासाठी राखीव आहेत. २०१७ मध्ये तर सुमारे दोनशे पेशींच्या हालचालीवरून माकडाने कोणता चेहरा पाहिला, याचं चित्र काढता आलं.

जाता जाता, हे ऱ्हीसस आपल्याच उत्तर हिंदुस्थानातलं माकड. १९५० च्या दशकात पोलिओच्या लसीसाठी आणि संशोधनासाठी ती लाखांनी परदेशी पाठवली गेली. लष्करी प्रयोगांत त्यांचे हाल होतात हे बाहेर आल्यावर, मोरारजी देसाई सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली.

तर 'हा कोण' हे ओळखणं फार जुनं आणि पक्कं कौशल्य आहे. माकडांच्या मेंदूत त्यासाठी वेगळी जागा आहे, आपल्याही आहे. पण 'याच्या मनात काय' ही वेगळी भानगड आहे. तिथे ओळख लागते, प्रसंग लागतो, कोण कुणासमोर उभा आहे हे लागतं.

इथेच गोंधळ झाला. १९६० च्या दशकाअखेर पॉल एकमन न्यू गिनीत फोरे लोकांकडे गेले. गोष्ट सांगायची आणि फोटोंतून जुळणारा चेहरा निवडायला लावायचा, अशी पद्धत. त्यातून राग, भीती, आनंद वगैरे मोजक्या भावनांचे चेहरे जगभर सारखेच, हे मत रुजलं. डार्विनलाही बरंचसं तेच म्हणायचं होतं. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी हजारावर संशोधनं तपासली. राग आला म्हणजे माणूस कपाळाला आठ्या घालतोच असं नाही आणि आठ्या घातल्या म्हणजे राग आलाच असंही नाही, असं त्यांनी मांडलं. नुसत्या चेहऱ्यावरून मन सांगता येत नाही.

तोवर हा माल बाजारात आला होता. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केलं की शहरात महिलांची वर्दळ असलेल्या दोनशे ठिकाणी असे कॅमेरे लावू, जे संकटातल्या बाईचे हावभाव ओळखून जवळच्या ठाण्याला कळवतील. हेतू चांगलाच असेल. पण ज्या बाईला त्रास होतो, ती किती वेळा चेहरा दगडासारखा करून चालत राहते, हे कुठल्याही बसस्टँडवर उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारा. कॅमेऱ्याच्या हिशोबात ती सुखरूप. आणि घरी भांडून, डोळे पुसत निघालेलीच्या मागे पोलीस.

युरोपने कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत भावना ओळखणारी यंत्रं वापरायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्याकडे यावर चर्चाच नाही.

आपल्यासारख्या लहान गावांतही आता खांबाखांबावर कॅमेरे आहेत. चोर पकडायला ते उपयोगी पडतात, माझा त्याला विरोध नाही. पण उद्या पालिकेच्या किंवा शाळेच्या टेंडरमध्ये 'स्मार्ट' कॅमेरा असा शब्द आला, तर नगरसेवकांना आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: हे यंत्र कोण आहे ते सांगणार आहे, की मनात काय आहे तेही सांगणार आहे? पहिलं असेल, तर माहिती कुठे आणि किती दिवस ठेवणार ते विचारा. दुसरं असेल, तर पैसे वाचवा म्हणावं. आणि पोरींना बसस्टँडवर नेमका कुठे त्रास होतो, ते त्यांनाच जाऊन विचारा.