स्टिक आणि नोकरी

हॉकी म्हटली की आपल्याला ऑलिंपिकची सुवर्णपदके आठवतात. पण त्या खेळाडूंच्या घरची चूल कशावर पेटत होती? हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. वसईच्या आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा हॉकी सुरेख खेळायचा. वडील भेटायला आले. "सर, यातून ह्याचं पोट भरेल का?" मी म्हणालो, "आधी दहावी होऊ द्या." स्टिक माळ्यावर गेली.

उत्तर खरे तर आमच्या दारावरून रोज धडधडत जात होते. विरारपर्यंत १९३६ साली विजेची गाडी आणली ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने. याच कंपनीने १९४१ मध्ये महूच्या किशनलाल यांना नोकरीवर घेतले, ते हॉकीसाठी! ते उजव्या बगलेवरून खेळत. पुढे सात वर्षांनी तेच रेल्वेचे नोकर स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक कर्णधार झाले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्यांच्या संघाने ब्रिटनला ४-० असे हरवले. कालपर्यंतच्या राज्यकर्त्यांना, त्यांच्याच घरी! १९५१ मध्ये कंपनीची पश्चिम रेल्वे झाली, पण किशनलाल रेल्वेतच राहिले. खेळणे थांबल्यावर त्यांनी रेल्वेची मुले घडवली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८० मध्ये ते गेले.

हीच वाट पुढच्यांनी धरली. खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत आला तो थोरल्या भावाच्या मागे. भाऊ आर.सी.एफ.कडून खेळे, धनराज महिंद्रकडून, नंतर इंडियन एअरलाइन्सकडून. त्यावर तो चार ऑलिंपिक खेळला.

मग आल्या लीग. २००५ मध्ये मराठा वॉरियर्स निघाले, त्यात धनराज होता, पण सामने सगळे हैदराबादला! ती लीग २००८ मध्ये आटोपली. २०१३ मध्ये मुंबई मॅजिशियन्स आले, दोन हंगामांत गेले. त्यांच्या जागी दबंग मुंबई. २०१७ ची अंतिम फेरी गाठली आणि लीगच थांबली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचा एकही नव्हता. पैसा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, हे मान्य. पण अशा संघात कोणी म्हातारा होतो का?

तो विद्यार्थी मध्यंतरी वसई रोड स्टेशनावर भेटला. वाकून नमस्कार केला. कारखान्यात भांडारपाल आहे, बरे चालले आहे म्हणाला. मीच स्टिकचा विषय काढला. हसून म्हणाला, "आईने ती दाराला अडसर म्हणून लावली होती, सर. पुष्कळ वर्षं टिकली."

किशनलालांची गोष्ट ओठांवर आली होती. सांगितली नाही.