सिंहाचे छावे, मुडदूस आणि पूरक आहार : एक ऐतिहासिक टिपण

बंदिवासातील वन्य अथवा परदेशी प्राण्यास नेहमीच्या आहाराखेरीज काही पूरक द्रव्ये देण्याची रीत आज सर्वत्र आढळते. तिचा इतिहास पाहू जाता लंडन प्राणिसंग्रहालयातील इ. स. १८८९ च्या घटनेची दखल घ्यावी लागते. तेथे जन्मलेले सिंहाचे छावे मुडदूस होऊन दगावत. वेतामागून वेत हातचे जाई. त्यांना प्रामुख्याने घोड्याचे चरबीविरहित मांस दिले जात असे. शल्यचिकित्सक जॉन ब्लंड-सटन यांनी त्यांना हाडांचा चुरा, दूध व कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्याचा सल्ला दिला. तीन महिन्यांत रोगाची लक्षणे नाहीशी झाली.

हे यश निर्विवाद होते. मात्र त्यातून रोगाचे कारण उलगडले नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम अत्यल्प असते. हाडांनी कॅल्शियम पुरविले आणि तेलाने ड जीवनसत्त्व. दोन्ही उणिवा एकाच वेळी भरून निघाल्यामुळे कोणत्या द्रव्याने काय साधले, हे सांगणे अशक्य होते. शिवाय जीवनसत्त्व ही संकल्पनाच तोवर जन्मली नव्हती. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांतून मुडदुसाचा आहाराशी असलेला संबंध दाखविला; परंतु गुण येण्याचे श्रेय त्यांनी अ जीवनसत्त्वास किंवा तत्सम घटकास दिले. अ जीवनसत्त्व नष्ट केल्यावरही हे तेल मुडदूस बरा करते, हे एल्मर मॅक्‌कॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले, तेव्हा कुठे ड जीवनसत्त्वास स्वतंत्र ओळख मिळाली. उपाय आणि उमज यांत तेहतीस वर्षांचे अंतर पडले.

तथापि, नाव मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यास पूरक आहार देण्याची सवय (ती आजही गेलेली नाही) येथे फसते. वनस्पतिजन्य ड-२ हे दक्षिण अमेरिकेतील माकडांना पुरेसे उपयोगी पडत नाही, त्यांना ड-३ च लागते, हे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. उलटपक्षी, मात्रा अधिक झाल्यास मूत्रपिंडे व रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर साचतात. हिरव्या इग्वानासारख्या सरड्यास तर केवळ तोंडावाटे दिलेल्या ड जीवनसत्त्वाचा भरवसा धरता येत नाही. त्यास ऊन किंवा अतिनील किरणांचा दिवा लागतो, आणि साध्या काचेआडचे ऊन त्या कामी येत नाही.